काळी माती, तांबडं वाळवंट

लक्सरच्या पश्चिम तीरावर नदीकडून डोंगराकडे जाणारा रस्ता उसाच्या आणि बरसीम घासाच्या शेतांमधून जातो. दोन्ही हातांना पाट वाहत असतात, गाढवांवरून घासाचे भारे चाललेले असतात, मधूनच खजुराची झाडं लागतात. आणि मग शेती एकदम संपते. ती विरळ होत जात नाही, एका बांधाशी येऊन थांबते. बांधाच्या अलीकडे ओली काळी माती, पलीकडे कोरडी तांबूस वाळू आणि तिच्यामागे चुनखडीचे उघडे कडे. एक पाय शेतात आणि दुसरा वाळवंटात ठेवून उभं राहता येतं. ड्रायव्हरला सांगून इथे पाच मिनिटं गाडी थांबवावी. प्राचीन इजिप्तच्या राजांची थडगी आणि देवळं जिथे आहेत तिथेच का आहेत, हे या बांधावर जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्याही संग्रहालयात दिसत नाही.

नाईलला पूर येई तेव्हा पाणी साधारण इथवर चढे. जिथे पाणी चढे तिथे धान्य पिके, म्हणून ती जमीन मेलेल्यांसाठी अडवून ठेवणं परवडणारं नव्हतं. थडगी पलीकडे, डोंगराच्या पोटात गेली. राजाच्या नावाने रोजची पूजा आणि नैवेद्य चालणारी देवळं मात्र नेमकी काठावर बसली: उत्तरेला पहिल्या सेतीचं, मधे दुसऱ्या रामसेसचं रामेसियम, दक्षिणेला तिसऱ्या रामसेसचं मदिनत हाबू. कालव्याने दगड वाहणाऱ्या होड्या जवळपर्यंत येत आणि देऊळ कोरडं राही. तिसऱ्या आमेनहोतेपने आपलं प्रचंड देऊळ सखल भागात बांधलं. ते भूकंपात कोसळलं, त्याचे दगड पुढच्या राजांनी आपल्या बांधकामांना नेले, आणि दाराशी बसलेले सुमारे १८ मीटर उंचीचे दोन पुतळे तेवढे शेतांच्या कडेला उरले. मेमनॉनचे पुतळे म्हणून ज्यांच्यापुढे सगळ्या बसगाड्या दहा मिनिटं थांबतात, ते हेच.

थडगं, देऊळ, कारागिरांची वस्ती, दगडाची खाण, नदी आणि पलीकडच्या तीरावरचं अमुन देवाचं कर्नाक, हे सगळं मिळून एक व्यवस्था होती. क्रूझच्या किंवा बसच्या सहलीत तिचे तुकडे सुटे सुटे दिसतात. सगळे गट सकाळच्या त्याच दोन तासांत राजांच्या खोऱ्यात उतरतात, दाराजवळची तीन थडगी बघतात, राणी हात्शेप्सुतच्या देवळासमोर फोटो काढतात, अलाबास्टरच्या दुकानात बसतात आणि जेवायला बोटीवर परततात. दिवसभरासाठी गाडी आणि ड्रायव्हर घेतला तर क्रम आपल्या हातात येतो आणि मधली वाट दिसते. माझ्या मते लक्सरमध्ये मधली वाट हा निम्मा विषय आहे.

सकाळी सहाला खोऱ्याचं दार उघडतं, त्या वेळी तिथे असावं. गाडी बाहेर राहते, आत बॅटरीवर चालणारी छोटी वाहनं नेतात. डोंगरांच्या वर अल्-कुर्न नावाचं शिखर दिसतं. त्याचा आकार थेट पिरॅमिडसारखा आहे. पिरॅमिड बांधण्याची राजांची रीत मागे पडल्यावर थडग्यांसाठी हेच खोरं निवडलं जाण्यामागे या शिखराचाही भाग असावा असं अभ्यासक मानतात. खोऱ्यात साठांहून अधिक थडगी सापडली आहेत. साध्या तिकिटात त्यांतली तीन बघता येतात. तुतनखामेन, पहिला सेती आणि सहावा रामसेस यांच्यासाठी वेगळं तिकीट लागतं. आत गाइडला बोलायची परवानगी नसते, त्यामुळे जे वाचायचं ते आधी वाचून जावं लागतं.

निवड करताना एक थडगं जुनं घ्यावं आणि एक उशिराचं. जुन्यात माझा कौल तिसऱ्या थुटमोसला आहे. ते खोऱ्याच्या अगदी टोकाला, कड्याच्या चिरेत आहे. लोखंडी जिन्याने वर चढायचं, मग दगडी पायऱ्यांनी खोल उतरायचं, वाटेत काटकोनात वळायचं. गट इथवर फारसे येत नाहीत. शवपेटीचं दालन लांबट गोल आहे, राजाचं नाव ज्या चौकटीत लिहीत तिच्याच आकाराचं. भिंतींचा रंग पिवळसर, जुन्या पपायरससारखा. त्यावर काळ्या-तांबड्या रेघांनी काढलेल्या, काडीसारख्या हातापायांच्या आकृत्या. सोन्यारूप्याच्या अपेक्षेने आलेल्याला हे सुनं वाटेल. पण ही चित्रं म्हणजे एक ग्रंथ आहे, भिंतीवर उलगडून लावलेला. सूर्य मावळल्यानंतर रात्रीचे बारा तास पाताळातून कसा जातो, कोणत्या तासाला कोण भेटतं, कुठला साप आडवा येतो आणि तो कसा मारायचा, याची ती क्रमवार हकीकत आहे. राजा सूर्याबरोबर त्या होडीत असतो. वाट माहीत असली तर पहाट होते.

उशिराच्या थडग्यांत सहाव्या रामसेसचं पाहावं. इथे वळणं नाहीत. सरळ, रुंद, उतरता बोगदा आहे. शेवटच्या दालनाच्या छतावर आकाशदेवी नुतची दोन लांबलचक शरीरं पाठीला पाठ लावून पसरली आहेत. संध्याकाळी ती सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या अंगातून प्रवास करतो, सकाळी ती त्याला जन्म देते. जुन्या थडग्यात जी गोष्ट काड्यांच्या आकृत्यांनी सांगितली होती तीच तीनशे वर्षांनी निळ्या-पिवळ्या रंगांत छतभर पसरलेली आहे. हे थडगं खोदताना निघालेली खडी आणि मजुरांच्या झोपड्या खालच्या एका लहान थडग्याच्या दारावर आल्या. ते दार झाकलं गेलं म्हणून तुतनखामेन वाचला आणि ४ नोव्हेंबर १९२२ रोजी उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या माणसांना पहिली पायरी लागली. थडगं छोटं आहे. त्यातल्या ५,०००हून अधिक वस्तू आता गीझाजवळच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहेत. राजाचा देह मात्र अजून इथेच ठेवलेला आहे.

इतरांचे देह इथे नाहीत. राजसत्ता दुबळी झाल्यावर चोऱ्या वाढल्या. पुजाऱ्यांनी राजांच्या ममी थडग्यांतून काढल्या, नव्याने गुंडाळल्या आणि गुपचूप दुसरीकडे लपवल्या. त्यांतला मोठा साठा हात्शेप्सुतच्या देवळाजवळच्या एका विहिरीसारख्या भुयारात होता. कुर्ना गावातल्या अब्द अल्-रसूल कुटुंबाला तो सापडला आणि काही वर्षं त्यातल्या वस्तू बाजारात येत राहिल्या. १८८१ साली पुराणवस्तू खात्याचा एमिल ब्रुग्श तिथे उतरला तेव्हा दुसरा रामसेस, पहिला सेती, तिसरा थुटमोस एकाच अरुंद बोगद्यात शेजारी शेजारी पडलेले होते. घाईघाईने सगळं बोटीवर चढवून कैरोला नेलं. एप्रिल २०२१मध्ये २२ राजा-राण्यांच्या ममींची मिरवणूक काढून त्यांना कैरोतल्या फुस्तातच्या संग्रहालयात हलवलं, ते अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. कुर्ना गावही आता डोंगरावर नाही. घरांखाली थडगी आहेत म्हणून सरकारने २००६पासून ती घरं पाडली आणि लोकांना उत्तरेला वसवलं. उतारावर तुरळक रंगीत भिंती दिसतात. थडगी वाचवायला हवीत हे मान्य करूनही, शंभर वर्षं खणकामावर राबलेल्या गावाला असं उचलून न्यावं लागलं याचं वाईट वाटतं. त्याआधीही, १९४०च्या दशकात, हसन फाथी या वास्तुविशारदाने त्यांच्यासाठी मातीच्या विटांचं, घुमटांचं सुंदर नवं कुर्ना उभारायला घेतलं होतं. गावकरी गेले नाहीत, काम अपुरं राहिलं. पुतळ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच ते लागतं, ड्रायव्हरला सांगितलं तर दोन मिनिटांत दिसतं.

खोऱ्यातून निघाल्यावर बहुतेक गाड्या हात्शेप्सुतकडे वळतात. तिकडे जायचंच आहे, पण आधी देर अल-मदिनाला जावं. पश्चिम तीरावर मला सर्वांत जास्त जवळची वाटणारी जागा हीच. दोन टेकड्यांमधल्या घळीत गुडघ्याएवढ्या भिंती उरल्या आहेत: एक अरुंद गल्ली आणि दोन्ही बाजूंना चिकटून घरं. राजांची थडगी खोदणारे, घासणारे, रंगवणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या इथे राहिले. बोटीवरच्या खलाशांसारख्या त्यांच्या ‘उजवी’ आणि ‘डावी’ अशा दोन टोळ्या असत. डोंगरावरून पायवाटेने खोऱ्यात जायचं, आठवडाभर तिथेच झोपड्यांत राहायचं आणि सुट्टीला घरी यायचं. आठवडा दहा दिवसांचा. तांब्याच्या छिन्न्या सरकारी, वजन करून दिल्या जात आणि वजन करूनच परत घेतल्या जात. दिव्यांच्या वातीही मोजलेल्या. पगार धान्यात: साध्या कारागिराला महिन्याला चार पोती खपली गहू आणि दीड पोतं सातू. हा आपल्याकडे पुरणपोळीसाठी आवर्जून आणतात तोच खपली. त्यांचं पोतं सुमारे ७६ लिटरचं होतं.

इतकं सगळं कळतं, कारण ही माणसं लिहीत होती. पपायरस महाग, म्हणून चुनखडीच्या कपच्यांवर आणि खापरांवर. गावाशेजारच्या एका खोल खड्ड्यातून असे हजारो तुकडे निघाले. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांतला एक आहे, दुसऱ्या रामसेसच्या ४०व्या वर्षाचा हजेरीपट. कोण कोणत्या दिवशी आला नाही आणि का, ते त्यात आहे. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे आले, कुणी घरी बिअर गाळत होता, कुणी आईचं प्रेत गुंडाळत होता. त्यांची स्वतःची थडगी वरच्या उतारावर आहेत. सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं एका लहानशा खोलीएवढं आहे, पण रंग इतके ताजे आहेत की डोळे दिपतात. तो आणि त्याची बायको पांढरी वस्त्रं नेसून परलोकातल्या शेतात नांगरताहेत, कापणी करताहेत, पाटाला पाणी आहे, झाडांना फळं आहेत. राजाच्या थडग्यात साप आणि राक्षस काढणाऱ्या माणसाने स्वतःसाठी शेत काढलं.

इथून मदिनत हाबू गाडीने काही मिनिटांवर आहे आणि याच क्रमाने ते पाहण्याला कारण आहे. ते तिसऱ्या रामसेसचं देऊळ. त्याच्या २९व्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व ११५७च्या सुमारास, कारागिरांचं धान्य थकलं. त्यांनी हत्यारं खाली ठेवली, चौक्या ओलांडल्या आणि राजांच्या देवळांमागे जाऊन बसले. कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, राजाला कळवा, अशी त्यांची मागणी होती. लेखी नोंद असलेला जगातला हा पहिला संप म्हणून ओळखला जातो. त्याचा पपायरस आज इटलीत तुरीनला आहे. आता मदिनत हाबूच्या दक्षिणेकडच्या बाहेरच्या भिंतीवर जावं. तिथे राजाने वर्षभराच्या सणांचं पंचांग कोरून घेतलं आहे: कोणत्या सणाला किती भाकऱ्या, किती रांजण बिअर, किती बदकं देवाला चढवायची. यादी लांबच लांब आहे. भिंतीचा प्रत्येक शब्द खरा होता का हे तपासायला कारागिरांचे कागद आहेत, हे या जागेचं वैशिष्ट्य. उत्तरेच्या भिंतीवर समुद्रावरून आलेल्या टोळ्यांशी झालेलं युद्ध आहे आणि आत शत्रूंचे कापलेले हात मोजणारे कारकूनही. कोरीव काम बोटभर खोल आहे. पुढच्या राजाला आपलं नाव पुसता येऊ नये ही त्यातली काळजी उघड दिसते. छतांना आणि खांबांना अजून रंग आहे. गर्दी हात्शेप्सुतच्या देवळाच्या निम्मीही नसते. मला हे अजूनही कळलेलं नाही.

हात्शेप्सुतचं देऊळ दुपार कलताना सावलीत जाऊ लागतं. तीन मजली गच्च्या, मागे शंभर मीटरचा कडा. पोलंड आणि इजिप्तच्या संयुक्त पथकाने १९६१पासून दगड जुळवत ते उभं केलं आहे. मधल्या मजल्यावर पुंत देशाला गेलेल्या जहाजांची चित्रं आहेत: कुंड्यांत मुळांसकट लावलेली धुपाची झाडं, फळीवरून बोटीत चढणारी माकडं, पाण्यात तांबड्या समुद्राचे मासे. देवळाचा अक्ष नदीपलीकडच्या कर्नाककडे रोखलेला आहे. वर्षातून एकदा अमुनची मूर्ती होडीतून नदी ओलांडून इथे येई आणि गावकरी आपापल्या पितरांच्या थडग्यांशी जेवण घेऊन बसत.

याच तीरावरच्या राणी नेफरतारीच्या थडग्याचं तिकीट महाग असतं, वेळ मोजून देतात, आणि ते अधूनमधून बंदही ठेवतात. उघडं असेल तर पैशांकडे पाहू नये. एर्नेस्तो स्कियापारेल्लीने १९०४ साली ते शोधलं. भिंतीतलं मीठ फुगून रंगाचा गिलावा ढकलत होतं. १९८६ ते १९९२ या काळात गेटी संस्थेने आणि इजिप्तच्या पुराणवस्तू खात्याने तो तसाच भिंतीला परत धरवला, नवा रंग न चढवता. माणसाच्या श्वासातला ओलावा हाच आता या सगळ्या थडग्यांचा मोठा शत्रू आहे. म्हणूनच तुतनखामेनच्या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती २०१४पासून कार्टरच्या घराशेजारी आहे. लहान मुलं बरोबर असतील तर तिथे निवांत वेळ मिळतो.

कर्नाकला गाडीची गरज नाही. १३४ खांबांचं सभागृह पहाटे किंवा शेवटच्या तासात बघावं, आणि तिथून लक्सरच्या देवळापर्यंतचा २.७ किलोमीटरचा स्फिंक्सचा रस्ता, जो नोव्हेंबर २०२१मध्ये पुन्हा खुला झाला, पायी चालावा. खांबांचे पाय खालून झिजलेले, फुगलेले दिसतील. १९७०मध्ये अस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं, पूर थांबला, शेताला बारमाही पाणी मिळालं. त्याबरोबर जमिनीतलं पाणी वर आलं, आणि मीठ घेऊन दगडात चढलं. ते उपसून खाली ठेवण्याची कामं दोन्ही देवळांपाशी करावी लागली आहेत.

आता गाडीबद्दल. हॉटेलातून गाडी मिळतेच, पण पश्चिम तीरावरच्या फेरीच्या धक्क्याशी उभ्या असणाऱ्या ड्रायव्हरांशी स्वतः बोललं तर दर आणि माणूस दोन्ही समोरासमोर ठरतात. ड्रायव्हर हा गाइड नव्हे. गाइडला परवाना लागतो, तो नसताना देवळात शिरून माहिती देणारा ड्रायव्हर स्वतः अडचणीत येतो, त्याला तसा आग्रह करू नये. ठरवताना ठिकाणांची नावं कागदावर लिहून द्यावीत, थांबण्याचा वेळ धरलेला आहे का, पेट्रोल आणि पार्किंग कुणाकडे, हे विचारून घ्यावं. दुकानात थांबायचं नसेल तर तेही आधीच, गोडीने सांगावं. दुकानातून त्याला काही मिळतं हे उघड आहे. ते बुडणार असेल तर बक्षिसी त्या मानाने द्यावी, म्हणजे दोघांचाही दिवस चांगला जातो. दुपारी त्याला जेवायला बरोबर बोलवावं. तो नेईल ती जागा पर्यटकांची नसते, आणि फूल (बाकल्याची उसळ), तामिया (बाकल्याचीच भजी), ताहिनी (तिळाची चटणी), गरम आयिश भाकरी असं शाकाहारी जेवण तिथे पोटभर मिळतं. आपल्या शाकाहाऱ्यांची इजिप्तमध्ये आबाळ होते ही समजूत अशा एका जेवणात जाते. मोठ्या ठिकाणी तिकिटाला रोख चालत नाही, कार्ड जवळ हवं. हवा ऑक्टोबरअखेर ते मार्च चांगली, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुट्टीपासूनच.

दक्षिणेचा रस्ता, लक्सर ते अस्वान, सगळेच करतात आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. एस्ना ५५ किलोमीटरवर. देऊळ गावाच्या सध्याच्या रस्त्यापेक्षा नऊ मीटर खाली आहे, गाव त्याच्याभोवती चढत गेलं. छतावरची काजळी गेल्या काही वर्षांत काढल्यावर नक्षत्रं आणि राशी मूळ रंगांत बाहेर आल्या आहेत. एवढ्यासाठी तरी थांबावं. एद्फूचं होरसचं देऊळ ख्रिस्तपूर्व २३७ ते ५७ एवढा काळ बांधलं जात होतं आणि छतासकट शाबूत आहे. कोम ओम्बोला मगरीच्या ममी आणि नाईलचं पाणी मोजायची विहीर. बोटीने गेलं तर हीच देवळं लागतात, फक्त शेकडो माणसांबरोबर एकाच वेळी. अस्वानहून अबू सिम्बेल २८० किलोमीटर आहे. १९६४ ते १९६८ या वर्षांत अख्खा डोंगर कापून देऊळ ६५ मीटर वर चढवलं, ते पाहायला पहाटे निघावंच लागतं.

ज्यांच्या हाती एकच मोकळा दिवस आहे त्यांना मी उत्तरेला, अबिदोस आणि देंदेराच्या देवळांकडे जायला सांगेन. नोव्हेंबर १९९७मध्ये हात्शेप्सुतच्या देवळात अतिरेक्यांनी ६२ जणांना मारलं. त्यानंतर अनेक वर्षं या भागात परदेशी माणसांना पोलिसांच्या ताफ्यातून, ठरलेल्या वेळीच जाता येई. अबिदोसला तास-दीड तास मिळाला तरी नशीब. आता तशी सक्ती नाही. चौक्या आहेत, ड्रायव्हर खिडकीतून ‘हिंदी’ एवढं सांगतो, शिपाई अमिताभ बच्चनचं नाव घेऊन हसतो आणि गाडी पुढे जाते. जाताना वाळवंटातला रस्ता घ्यावा, तो मोकळा आहे. येताना नदीकाठचा शेतांमधला. अबिदोस साधारण १६० किलोमीटर, तीन तास. सहाला निघालात तर नऊला पोहोचाल.

अबिदोसचं देऊळ पहिल्या सेतीने बांधलं. शुभ्र, बारीक कणांच्या चुनखडीत काढलेलं इथलं उठावाचं काम इजिप्तमधलं सर्वोत्तम आहे असं मला नि:शंक वाटतं. पातळ वस्त्राच्या चुण्या, गळ्यातल्या मण्यांच्या ओळी, देवाच्या खांद्यावर ठेवलेल्या हाताचं नख. बाप गेल्यावर मुलाने, दुसऱ्या रामसेसने, पुढचे भाग पुरे केले. तिथे आकृती दगडात खोल खणलेल्या आहेत, भराभर उरकलेल्या. दारातून आत शिरताना हा फरक सहज समजतो. इथली चित्रं १९३०च्या दशकात अमिस कॅल्व्हर्ली आणि मर्टल ब्रूम या दोघींनी इथेच राहून रेषा न् रेषा उतरवून घेतली. त्यांचे मोठे रंगीत ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाती असतात.

आतल्या एका अरुंद बोळात भिंतीवर राजांची यादी आहे. सेती धूप दाखवतो आहे, पुढ्यात लहानगा रामसेस पपायरसच्या गुंडाळ्या हातात धरून पूर्वजांची नावं वाचतो आहे. एकूण ७६ राजे, पहिला मेनी. हात्शेप्सुत त्यांत नाही, अखेनातेन नाही, तुतनखामेनही नाही. आदल्या दिवशी पश्चिम तीरावर ज्यांच्यापैकी दोघांच्या नावाची सर्वांत लांब रांग होती, ते सेतीच्या हिशेबात राजेच नव्हते: एक बाई, एक पाखंडी आणि त्याच्या वाटेवरून परतलेला पोर. हे सगळं पाहून झाल्यावर देवळाच्या मागे जावं. तिथे ओसिरेयन आहे, प्रचंड ग्रॅनाइटच्या खांबांचं, भूजलात बुडालेलं, ओसायरिस देवाचं प्रतीकात्मक थडगं.

आणि तिथून पश्चिमेला नजर टाकावी. सपाट वाळू, मागे कडा, कड्यात एक खिंड. त्या वाळूत उम्म अल्-काब आहे, यादीतल्या पहिल्या राजांची खरी थडगी, ख्रिस्तपूर्व ३०००च्या आसपासची. नार्मर, आहा, जेर, देन. मातीच्या विटांच्या खोल्या जमिनीत उतरवलेल्या, वर लाकडाचं छत. इथल्याच त्याहून जुन्या एका थडग्यात गुंटर ड्रेयरला १९८८मध्ये हस्तिदंताच्या लहान चिठ्ठ्या मिळाल्या, चित्रलिपीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखनापैकी काही त्यांवर आहे. हजार वर्षांनंतरच्या इजिप्शियनांना यांतलं जेर राजाचं थडगं हे ओसायरिस देवाचंच वाटू लागलं. सारा देश यात्रेला लोटला आणि प्रत्येकाने मातीचं भांडं वाहिलं. खापरांचे ढीग अजून आहेत. पर्यटकांना तिकडे सोडत नाहीत, पण सेतीने देऊळ इथे का बांधलं हे या जागेवरून समजतं. जिथून राजांची थडगी सुरू झाली तिथेच त्याला पूर्वजांची नावं कोरायची होती.

परतीला देंदेरा. हॅथोर देवीचं हे देऊळ टॉलेमी राजांनी सुरू केलं आणि पुढचा मोठा मंडप रोमन सम्राट टायबेरियसच्या काळात उभा राहिला. शतकांच्या काजळीने काळं झालेलं छत साफ केल्यावर निळं आकाश, होड्या आणि राशी झळाळून निघाल्या. तळघरातल्या भुयारांत वाकून जाता येतं, मग भिंतीतल्या जिन्याने गच्चीवर. गच्चीवरच्या खोलीतलं गोल राशिचक्र प्रतिकृती आहे. मूळ १८२१मध्ये सुरुंगाची दारू लावून काढलं आणि आता ते पॅरिसच्या लुव्रमध्ये आहे. मागच्या भिंतीवर क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा सिझेरियन, दोघंही अस्सल फॅरोच्या वेषात. पाच वाजायच्या आत बाहेर पडावं.

देंदेराहून लक्सरकडे येताना किना ओलांडल्यावर किफ्त लागतं. गाडी एरवी इथे थांबत नाही. रस्त्यावर बजाजच्या रिक्षा, उसाच्या गाड्या, चहाची दुकानं. पण हे जुनं कोप्तोस. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासनोंदीत सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं आहेत. पैठणचे रंगीत दगड आणि तेरचं कापड गाड्यांवरून भडोचला येतं हेही त्यात आहे. पश्चिम भारताचा असा माल गलबतांनी तांबड्या समुद्रापर्यंत जाई. बेरेनिके बंदरात उतरला की उंटांवरून १२ दिवसांचं वाळवंट, बहुतेक रात्री चालून, कोप्तोसला. मग नाईलने अलेक्झांड्रिया. बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय रांजणात भरलेली साडेसात किलो काळी मिरी निघाली, सागवान निघालं, आणि बुद्धमूर्ती सापडल्याचं २०२३मध्ये जाहीर झालं. देंदेराचा मंडप बांधला जात होता त्या शतकात सातवाहनांच्या मुलखातला माल याच गावात नदीच्या बोटीवर चढत होता.

किफ्तची दुसरी ओळख नवी आहे. फ्लिंडर्स पेट्रीने १८९३-९४मध्ये इथे उत्खनन केलं आणि गावातल्या माणसांना वाळूतून मातीची वीट बोटांनी ओळखायला, थर न मोडता खणायला शिकवलं. ते पुढे त्याच्याबरोबर अबिदोसला आणि इतरत्र गेले. बापाकडून मुलाकडे हे काम येत राहिलं. आजही इजिप्तमधल्या परदेशी आणि देशी मोहिमांवर मुकादम म्हणून किफ्तचीच माणसं घेतात. ड्रायव्हरला विचारून पाहावं, त्याच्या ओळखीत अशा घरातला कुणीतरी असतो. वेळ असेल तर चहाला थांबावं आणि त्यांच्याकडून ऐकावं, यंदा कुठे खणताहेत.